राजीखुशीने

मौजे निंबगाव, सुपे परगणा
मार्गशीर्ष वद्य तृतीया, शके १७२५

श्रीनिवासदादा,

तुम्हाला आणि वहिनींना धाकट्या मावसभावाचा नमस्कार. गावाकडे पीकपाणी कसं आहे, असं तुम्ही विचारलं होतंत. पीक नाही आणि पाणीही नाही, त्यामुळे उत्तर सोपं आहे. मृग कोरडा गेला, हस्तही कोरडा गेला. ओढ्याकाठी थोडी बाजरी जगली होती, ती दसऱ्यानंतर आलेल्या फौजेनं कापून नेली. फौज कोणाची, हे मी विचारलं नाही. आपली असती तरी घोड्यांनी तेवढंच खाल्लं असतं. लोक सध्या चिंचोके भाजून खातात.

त्यातल्या त्यात एक बरी बातमी आहे. गेल्या आठवड्यात पुण्याहून आप्पासाहेब नावाचे गृहस्थ दोन बैलगाड्या घेऊन आले होते. कपाळी गंध, बोलण्यात दर चार शब्दांनी देवाचं नाव, अंगरख्याला एक सुरकुती नाही. पुण्यातल्या कोणा सरदारांच्या मुदपाकखान्यात दळणकांडणाला बायका हव्या आहेत म्हणाले. दोन वेळचं पोटभर अन्न, एक लुगडं, आणि ज्येष्ठात पेरणीच्या आधी घरी परत. आमच्या अकरा जणी गेल्या. कोणी विधवा, कोणाचा नवरा फौजेमागे गेलेला. ज्यांच्या वतीनं बोलायला घरात कोणी नाही, अशाच सगळ्या.

त्यांत मथुरा पाथरवटीण आहे. नवरा वारल्यावर ती गावोगाव हिंडून जात्यांना टाकी लावते, म्हणजे गुळगुळीत झालेलं जातं छिन्नीनं टोचून पुन्हा खरखरीत करते. तिच्याबरोबर तिची धाकटी जाऊ सगुणा. गाडीत चढताना मथुरा मला म्हणाली, "भाऊ, सरदाराचं नाव काय, पेठ कंची, तेवढं इचारा की." मी विचारलं. आप्पासाहेब हसले. "कुलकर्णी, एवढ्या मोठ्या माणसाचं नाव असं ओट्यावर बसून घेतात का?" मलाही ते पटलं.

पण गाड्या गेल्यापासून ते पटेनासं झालं आहे. तुम्ही कसब्यात राहता, दफ्तरात तुमची ओळख आहे. एवढी चौकशी कराल का?

तुमचा
अनंत


कसबा पेठ, पुणे
पौष शुद्ध अष्टमी, शके १७२५

चि. अनंता,

आशीर्वाद. दुष्काळाची झळ आम्हालाही बसते आहे. तूप फार महागलं. धर्म मात्र शहरात जोरात चालू आहे. परवा आमच्या शेजारच्यांनी थोरलं ब्राह्मणभोजन घातलं. बाहेर उष्ट्या पत्रावळींसाठी चार-पाचशे माणसं जमली होती, त्यामुळे समारंभाला शोभा आली.

अकरा बायकांची चौकशी करायला सांगतोस. अरे, पुण्यात सरदार किती, मुदपाकखाने किती! नाव नाही, पेठ नाही. मी काय दवंडी पिटत हिंडू? मी दोन दिवस दफ्तरात गेलो नाही तर राज्याचा कारभार अडतो, हे तुला खेड्यात बसून कळायचं नाही.

घरची बातमी अशी. तुझ्या वहिनीची कंबर धरते, म्हणून एक कुणबीण विकत घेतली. मी याला खरेदी म्हणत नाही, जीवदान म्हणतो. आता ती मरेपर्यंत आमच्याच घरची. उपाशी राहण्याची चिंता तिला उरली नाही, ती सगळी माझ्या डोक्यावर आली.

कामाला बाई चोख आहे, पण उपकाराची जाणीव नाही. दुसऱ्याच दिवशी विचारते, "मालक, ज्येष्ठात मला सोडाल न्हवं?" मी तिच्यापुढे कागद धरला. स्वच्छ लिहिलं आहे: मागेपुढे कोणी नाही, दुष्काळामुळे राजीखुशीने स्वतःस विकले. तर म्हणते, "म्या न्हाई इकलं." वाचता येत नाही, आणि कागदाशी वाद घालते! वर स्वतःला निंबगावची म्हणवते. या बायका असंच कुठल्या तरी गावाचं नाव ठोकून देतात. मी म्हटलं, निंबगावचा कुलकर्णी माझा सख्खा मावसभाऊ आहे, सांभाळून बोल. तर ती एकदम रडायला लागली. खोटं उघडं पडलं की माणूस रडतो, हे मी कितीदा पाहिलं आहे.

तुझा
श्रीनिवास


मौजे निंबगाव
पौष वद्य पंचमी, शके १७२५

श्रीनिवासदादा,

तुमचं पत्र वाचलं आणि पुन्हा वाचलं, कारण पहिल्या वेळी मला माझ्याच वाचण्याचा संशय आला.

तुमच्या घरात जी बाई रडली, तिच्या डाव्या अंगठ्याला नख आहे का, ते पाहा. मथुरेचं नख लहानपणी छिन्नीखाली गेलं. आणि तिला तिचं नाव विचारा. तुपाचा भाव तुम्ही लिहिलात, तिचं नाव लिहायचं राहिलं. तिची जाऊ सगुणा कुठे आहे, हेही विचारा.

ती मथुरा असेल तर तिला ठेवून घेऊ नका. मी गाडी पाठवतो. इथे बैल उरलेले नाहीत, पण कोणाच्या तरी पाया पडून मिळवीन. तिनं तुम्हाला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं, दादा.

अनंत


कसबा पेठ, पुणे
माघ शुद्ध द्वितीया, शके १७२५

चि. अनंता,

आशीर्वाद. तुझ्या शब्दाखातर अंगठा पाहिला. नख नाही. नाव विचारलं, मथुरा म्हणाली. आम्ही तिला भागी म्हणतो. आधीच्या कुणबिणीचं नाव भागी होतं, आणि घरातल्यांना या वयात नवं नाव पाठ करायला लावणं बरं नव्हे.

आता तू एक गोष्ट पाहा. तिचा कागद मी या वेळी तळापर्यंत वाचला. तिच्या कागदाच्या तळाशी 'अनंत कुलकर्णी, मौजे निंबगाव' अशी सही आहे. तुझं अक्षर मी ओळखणार नाही? मीच तुझ्याकडून गिरवून घेतलं होतं. तेव्हा एक तर कागद खरा, नाही तर तुझी सही खोटी. काय ते ठरव आणि कळव. मला विचारशील तर घरातल्या घरात मिटलेलं प्रकरण आहे. तू साक्ष घातलीस, मी घेतली.

गाडी पाठवू नकोस. या बाईमुळे पेठेत आमचा मान वाढला आहे. जात्याला टाकी अशी लावते की दळण निम्म्या वेळात होतं. आधी शेजारच्या वाड्यातून मागणी आली, मग तांबट आळीतून, मग पार सोमवार पेठेतून. मी रोज दुपारी तिला एकेका घरी पाठवतो. कोणी गूळ पाठवतं, कोणी हरभरे. ज्यांनी कधी मला ओसरीवर बस म्हटलं नव्हतं, ते आता पानसुपारी देतात. तिलाही त्याची हौस. स्वतःहून विचारते, "मालक, आनखी कंच्या घरी नवी बाई दळाया आली हाय? तिथलं जातं बघून येते." कामाची इतकी गोडी मी माझ्या हाताखालच्या एकाही कारकुनात पाहिली नाही.

सगुणेचं विचारलं. त्यावर मात्र तिनं छिन्नी उचलली आणि पुढच्या घराची वाट धरली.

श्रीनिवास


कसबा पेठ, पुणे
माघ शुद्ध एकादशी, शके १७२५

निंबगावचे अनंतराव कुलकर्णी यांस मन्सूर कागदी याचा सलाम.

आपली ओळख नाही. आमचं घर नदीकाठी आहे. चिंध्यांचा लगदा करून कागद बनवणं हे आमचं पिढीजात काम. श्रीनिवासरावांच्या दफ्तराला कागद आमच्याकडून जातो. परवा कागद न्यायला त्यांच्याकडची बाई आली. माझी बायको नसीमबानू दळत होती. ही तिच्याशेजारी बसली, न सांगता जातं उचकटलं आणि छिन्नी चालवायला लागली. थोड्या वेळानं नसीमला म्हणाली, "तुमचं मालक लिहित्यात का? माझं लिहितील का?"

ती बोलली तसंच लिहितो.

"भाऊ, मी मथुरा. आपल्यातल्या नऊ जणी मला घावल्या. समद्या दळायलाच बसवल्यात, म्हून घावल्या. मी छिन्नी मारताना हळू बोलते, ठोक्यात कुनाला ऐकू येत न्हाई. काशी तांबट आळीत हाय, तिला यमी म्हनत्यात. पारू सोमवारात. बाकीच्यांची घरंबी मला पाठ हायेत. आमच्यातल्या एकीनंबी सोताला इकलं न्हाई. मांजरी गावच्या मळ्यात गाड्या थांबवल्या, तिथं अंगठं घेतलं. शिधा मिळायचा कागद हाय म्हनले.

"सगुणा तेवढी न्हाई घावली. काशीनं ऐकलं, आप्पासाहेबानं वारज्याच्या अंगाला एका गोठ्यात बाया ठिवल्यात. त्यास्नी घाट उतरवून कोकनात न्यायच्या हायेत. सगुणा तिथं आसंल. भाऊ, मालक म्हनत्यात सही तुमची हाय. खरं काय? खरं आसली तरी या."

इथवर तिचं. मी तिला विचारलं, रोज एकटी पेठेत हिंडतेस, पळून का जात नाहीस? ती म्हणाली, "मग मी एकटीच सुटंन."

इथल्या चावडीवर सर्जेराव म्हणून नवे अधिकारी आले आहेत. ऐकून घेतात असं लोक म्हणतात. पण गावचा माणूस समोर हवा.

मन्सूर


मौजे निंबगाव
माघ वद्य प्रतिपदा, शके १७२५

मन्सूरमिया,

तिला सांगा, सही माझी आहे.

आप्पासाहेबांनी अकरा कोरे कागद पुढे ठेवले. वरचा मजकूर धन्याचा कारकून लिहील, गावच्या साक्षीशिवाय बायकांना नाक्यावर अडवतील, असं म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या डोक्याला जरीचं पागोटं बांधलं. कोऱ्या कागदावर सही करू नका, हे मी या गावाला वीस वर्षं सांगत आलो आहे. पागोटं बांधल्यावर मला ते आठवलं नाही. श्रीनिवासदादांना मी आधी दोन पत्रं लिहिली आणि त्या दोन्हींत हे लपवलं. त्यांच्यावर मात्र तोंडसुख घेतलं.

हे पत्र घेऊन बजरंग मेंढका पुढे येतो आहे. त्याच्या मागोमाग मी निघालो.

अनंत


कसबा पेठ, पुणे
फाल्गुन शुद्ध षष्ठी, शके १७२५

अनंता,

आशीर्वाद द्यावा की नाही, या विचारात दोन दिवस गेले.

तू पुण्यात आलास आणि भावाचं घर सोडून एका कागद्याच्या ओट्यावर उतरलास, हे आधी. पेठेत मला जो तो विचारतो. मी सांगतो, त्याला नदीची हवा लागते.

चावडीवर जे झालं ते तू पाहिलंस, पण मी कुठून पाहिलं ते तुला ठाऊक नाही. नऊ घरच्या नऊ प्रतिष्ठित माणसांबरोबर मला उन्हात उभं केलं होतं. भागीनं, बरं, मथुरेनं एकामागून एक घरं सांगितली. कोणती आळी, दाराला तोरण कसलं, जातं कोणत्या कोपऱ्यात. ही सगळी माहिती तिला माझ्याच खर्चानं मिळाली! शेजारी माझ्याकडे असे पाहत होते, की मीच छिन्नी घेऊन त्यांच्या घरात शिरलो होतो.

मग सर्जेरावांनी दहाही कागद मोठ्यानं वाचवून घेतले. दहाही एकाच हातचे, एकाच दिवशीचे. 'मागेपुढे कोणी नाही, राजीखुशीने.' नंतर बायकांना एकेकीला आत बोलावून विचारलं, तू कोणाची कोण? ही तिची नणंद, ती हिची चुलती, ती दोघींची शेजारीण. सर्जेराव म्हणाले, "कोणी नसलेल्या बायकांचं गोत फारच मोठं दिसतं." लोक हसले. न्यायाच्या जागी हसू नये.

मला विचारलं, "तुम्हाला शंका आली नाही?" मी खरं तेच सांगितलं. ती रोज सांगत होती, पण ती कुणबीण, तिच्या सांगण्यावर भरवसा कसा ठेवायचा? सर्जेराव म्हणाले, "ती कुणबीण आहे की नाही हेच तर तुम्हाला ठरवायचं होतं." अशा आडव्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं?

आणि मग तू. 'सही माझी नव्हे' एवढं म्हणाला असतास तर घराण्याचं नाव राहिलं असतं. तू उठून म्हणालास, "सह्या माझ्या आहेत. केल्या तेव्हा कागद कोरे होते, आणि मी त्याबद्दल पागोटं घेतलं." मी तुला खुणा करत होतो. तुझं कुळकर्ण गेलं, बायका सुटल्या, आमचे पैसे बुडाले. आप्पासाहेबांच्या घरी शिपाई गेले तेव्हा शेजाऱ्यांनी सांगितलं, ते आदल्या दिवशीच काशीयात्रेला निघाले. वारज्याच्या गोठ्यात शेण ओलं होतं, माणूस कोणी नव्हतं. गाड्या घाटाकडे गेल्या होत्या. ते ऐकल्यावर मथुरेनं गाड्या कोणत्या घाटानं गेल्या, एवढंच विचारलं. तेवढ्यापुरतं मलाही बरं वाटलं नाही, हे लिहितो.

तुझी वहिनी आता स्वतः दळते. कंबर दुखते का विचारलं तर जातं आणखी जोरात फिरवते. काल एवढंच म्हणाली, "तिला नाव विचारायला हवं होतं." मी म्हटलं, विचारलं होतं. त्यावर, "आपण नाही विचारलं, भावजींनी विचारायला लावलं," असं म्हणाली. बायकांना कुठे काय लक्षात राहतं!

श्रीनिवास


कसबा पेठ, पुणे
वैशाख शुद्ध दशमी, शके १७२६

अनंतरावांस मन्सूरचा सलाम.

मथुरा परत आली, सगुणेला घेऊन आली. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तुम्ही सावकाश वाचाल.

सर्जेरावांचा हुकूम कमरेला बांधून ती पारूबरोबर घाट उतरली, मिठाच्या बैलांचा तांडा चालला होता त्यांच्या सोबतीनं. खाली महिनाभर गावोगाव जाती टोचत हिंडली. एका खोताच्या परसात सगुणा भात कांडताना दिसली. खोतानं हुकूम कारकुनाकडून वाचून घेतला आणि म्हणाला, "यात दहा नावं आहेत. ही अकरावी. हिच्याबद्दल हुकूम नाही."

खोताच्या दारात जांभ्या दगडाचा एक मोठा चिरा पडला होता, त्याच्यासमोर मथुरा बसली आणि छिन्नी मारू लागली. दिवसभर टक टक. दुसऱ्या दिवशी खोतानं विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, "तुमचं नाव आन तुमी काय केलं त्ये लिवते. दगुड रस्त्यात हाय, येनारंजानारं वाचतील." तिला अक्षर एक येत नाही. पण खोतालाही येत नसावं, कारण तो कारकुनाकडून रोज दगड वाचून घ्यायचा, आणि त्या कारकुनाचं धन्याशी बरं नव्हतं. कारकून वाचून दाखवायचा. काय वाचायचा ते देव जाणे. पाचव्या दिवशी सगुणेला बाहेर काढलं.

हे सांगताना मथुरा हसली. आम्ही तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

सगुणा जेवते. बोलत नाही फारसं. नसीमजवळ बसून चिंध्या निवडते. परवा गल्लीतून बैलगाडी गेली तर उठून आत गेली आणि रांजणामागे बसून राहिली. नसीम तिच्याशेजारी जाऊन बसली. किती वेळ लागेल ते सांगता येत नाही. मथुरा म्हणते, लागू दे.

ती आता पेठेत स्वतःची म्हणून टाकी लावते. श्रीनिवासरावांनी निरोप धाडला होता, जुन्या ओळखीनं आमचंही जातं पाहून जा. ती गेली. जातं टोचून दिलं आणि बाहेर ओट्यावर बसून राहिली. त्यांनी विचारलं, आता काय? "मजुरी," म्हणाली. तुमच्या वहिनींनी ती आतून आणून तिच्या हातावर ठेवली.

मन्सूर


मौजे निंबगाव
ज्येष्ठ शुद्ध तृतीया, शके १७२६

मन्सूरमिया,

सगुणा आली हे गावात वाचून दाखवलं. मथुरेच्या ओसाड घराच्या दारात कोणीतरी पणती लावली होती. तेल कुठून आणलं, मी विचारलं नाही.

मृग तोंडावर आला, पण आभाळ कोरडं आहे आणि बियाणं लोकांनी केव्हाच खाल्लं. आज सकाळी सात जणी माझ्याकडे आल्या. पुण्याला कामाला जायचं म्हणाल्या. मी आता कुलकर्णी नाही, तरी माझ्याकडेच आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं. कोरे कागद, मांजरीचा मळा, वारज्याचा गोठा, माझं पागोटं, काही लपवलं नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांतली रखमा म्हणाली, "भाऊ, समजलं. पर हितं काय हाय?"

मी घरात जाऊन मडकी पाहिली. माझ्याही घरात दोन दिवसांपुरतंच आहे. थांबा म्हणायला मला तोंड नव्हतं, आणि जा म्हणायला त्याहून नव्हतं. म्हणून मीही त्यांच्याबरोबर निघालो आहे. कोणाच्याही गाडीत बसायचं नाही, पायी यायचं, असं सातही जणींनी ठरवलं. काम कोणाच्या घरी, कोणत्या आळीत, परतायचं कधी, हे एकेकीनं स्वतः विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. कागद करायचा तर सर्जेरावांसमोर, पूर्ण लिहून झाल्यावर. तो लिहायचं काम मला मिळालं तर मी करीन, नाही तर तुमच्याकडे चिंध्या कुटीन.

पेठेत कोणत्या घरात दळणाऱ्या बाईला पोटभर वाढतात, ते मथुरेइतकं कोणाला माहीत असणार? तेवढी घरं तिनं मनाशी काढून ठेवावीत.

रखमा सात महिन्यांची पोटुशी आहे, तेव्हा सावकाश येऊ. वाटेत फौजा आहेत आणि आप्पासाहेबांसारखी माणसंही असतील. हे पत्र पोचल्यापासून चौथ्या दिवशी दिवेलागणीपर्यंत आम्ही आठ जण पोचलो नाही, तर मथुरेला म्हणावं, हडपसरच्या वाटेनं आम्हाला शोधत ये.

अनंत